तीन बाय दोनची पाटी

माझ्या शिवणक्लासची पाटी लावून परवा अकरा महिने झाले. एक अख्खा पावसाळा तिच्यावरून गेला, हिवाळ्यातलं दव गेलं आणि आता या मे महिन्यातला वळीवही दोनदा आपटून गेला. नवी पाटी कुणाचीही छानच दिसते, म्हणून तिचं परीक्षण लिहायला मुद्दाम इतके दिवस थांबले. कापड धुतल्याशिवाय त्याच्या रंगाबद्दल बोलायचं नाही असं मी क्लासच्या मुलींना सांगते, तोच नियम पाटीला लावला.

मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहते. सोसायटीत तळमजल्यावर आमचं घर आणि त्यातली रस्त्याकडची खोली म्हणजे माझा शिवणक्लास. ब्लाऊज, लहान मुलींची परकर-पोलकी, साड्यांना फॉल-पिको. सोळा वर्षं झाली. आमचा रस्ता राहत्या वस्तीचा आहे. एक किराणा, एक दूध डेअरी, बाकी सगळी घरं. वर कपडे वाळत असतात, खाली पोरं सायकल शिकत असतात.

ज्यांनी पाटी केली त्या पेंटरकाकांचं दुकान जुन्या नाशकात आहे. शालिमारला रिक्षातून उतरायचं, मेन रोडने रविवार कारंज्याच्या दिशेने चालायचं आणि भांडीबाजाराकडच्या एका बोळात वळायचं. दुकानाला नाव नाही. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘पाट्या’ एवढंच. त्यांचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. सत्तरीला आलेत, हाताखाली एक नातू आहे, आणि हाती घेतलेली कामं वेळेत होत नाहीत याचाच त्यांना घोर असतो. ज्याला खरंच पाटी हवी असेल त्याने त्या भागात जाऊन हाताने अक्षरं काढणारे काका कुठे बसतात ते विचारावं, लोक दाखवतात.

माझी आधीची पाटी फ्लेक्सची होती. सहा बाय तीन फुटांची. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणून ठोकलेली आणि खिडकीच्या ग्रिलला तारेने बांधलेली. ज्याने केली त्याचं नाव घेत नाही, तेव्हा मलाही स्वस्तच हवी होती. दोन उन्हाळ्यांत तिच्यावरचा लाल रंग गुलाबी झाला आणि फोन नंबरातले तीन आणि आठ ओळखू येईनात. मग २०२४ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वावटळ सुटली. एका बाजूची तार तुटली, चौकट गर्रकन फिरली आणि तिचा खालचा कोपरा खाली उभ्या असलेल्या स्कूटरच्या आरशावर बसला. स्कूटर माझ्याकडे माप द्यायला आलेल्या बाईंची होती. त्या आत होत्या. दोन मिनिटं आधी त्याच जागी उभ्या राहून त्या हेल्मेट काढत होत्या. आरशाचे पैसे मी दिले, पण ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्याच आठवड्यात, १३ मे २०२४ ला, घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. १७ माणसं गेली. होर्डिंगची एक बाजू १२० फुटांची होती, आणि मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. ते टीव्हीवर पाहताना सासूबाई एकदम म्हणाल्या, “आपल्यासमोरचं किती आहे गं?” आमच्या समोरच्या कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर एक मोठं होर्डिंग होतं. त्याच्याबद्दल पुढे सांगते, कारण पाटीच्या कामात तेही आलं.

फ्लेक्स गेल्यावर नव्या येणाऱ्या बायकांना घर सापडेना. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून फोन करायच्या. मी ठरवलं की आता मोठाच बोर्ड करायचा. आठ बाय चारचा, आतून एलईडी लागणारा, म्हणजे वळणावरूनच दिसेल. एका ग्लो साइनवाल्याने येऊन मोजमाप घेतलं आणि १८,५०० रुपये सांगितले. सज्जावर अँगल उभे करू, त्यावर दोन फूट उंच उचलून बसवू, परवानगीबिरवानगी काही लागत नाही, सगळे लावतात, असं म्हणाला. मी जवळजवळ ॲडव्हान्स देणारच होते. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एक बाई भांडीबाजारात राहतात, त्या म्हणाल्या की एकदा आमच्या काकांना तर विचारा.

काकांच्या दुकानात पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं नुसती उभी होते. ते एका वैद्यांच्या पाटीवर ‘क्ष’ काढत होते आणि मध्ये बोलत नाहीत. अक्षर पूर्ण झालं, ब्रश घासलेटात बुडवला, मग म्हणाले, “बोला ताई.” मी आठ बाय चार म्हटलं. त्यांनी किंमत सांगितलीच नाही. “जागा बघितल्याशिवाय मी माप धरत नाही,” म्हणाले. शिंप्याने अंगावर टेप न लावता ब्लाऊज कापावा तसंच ते, हे मला लगेच पटलं.

रविवारी सकाळी लुनावर आले. आल्याआल्या टेप काढतील असं वाटलं होतं, पण ते आधी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून आमच्या इमारतीकडे बघत राहिले. मग वळणापर्यंत चालत गेले, परत आले, एका स्कूटरला जाऊ दिलं. मग मला हाक मारून पलीकडे बोलावलं आणि वर बोट दाखवून विचारलं, “त्या गॅलरीत कोण राहतं?”

वर आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात आणि आजी गॅलरीत पाट टाकून बसतात. आमची बाजू पूर्वेची. थंडीत नाशिकचा गारठा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत आजींचा अर्धा दिवस त्या उन्हात जातो. भाजी तिथेच निवडतात, वाती तिथेच वळतात, उन्हाळ्यात कुरडया तिथेच घालतात.

काकांनी हवेत हात फिरवून आठ बाय चारची चौकट दाखवली. सज्जापासून दोन फूट वर, तिथून चार फूट उंच. म्हणजे आजींच्या गॅलरीचा कठडा सगळाच्या सगळा झाकला जात होता. मी सोळा वर्षं त्या गॅलरीखाली बसून शिवतेय, आणि बोर्डाचा विचार करताना एकदाही मान वर केली नव्हती. काका म्हणाले, “ताई, बोर्ड तुमचा, पण ऊन त्यांचं आहे. रात्री लाइट लावणार, तो पण त्यांच्याच डोळ्यांवर.” मग म्हणाले, “आणि हा असा सुटा उभा केला की ती पाटी राहत नाही, आकाशचिन्ह होतं.”

आकाशचिन्ह हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. इतका सुंदर शब्द महापालिकेच्या कायद्यात असेल असं वाटलं नव्हतं. माझी भाची वकील आहे. तिला संध्याकाळी फोन केला, तर तिने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातली दोन कलमं वाचून दाखवली. कायदा १९४९ चा. कलम २४४ आकाशचिन्हांचं आणि २४५ जाहिरातींचं. खांबावर, चौकटीवर किंवा अँगलवर उभा केलेला आणि रस्त्यावरच्या कुठल्याही जागेवरून बघताना मागे आभाळ दिसतं असा फलक म्हणजे आकाशचिन्ह. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ते उभं करता येत नाही, आणि परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही. जाहिरातीसाठी सोडलेला फुगासुद्धा त्यात येतो. उलट ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याची पाटी, घर भाड्याने देणे आहे अशी पाटी, मालकाच्या किंवा घराच्या नावाची पाटी, खिडकीच्या आत लावलेला कागद, यांना २४५ मधून सूट आहे. फक्त ती आकाशचिन्ह असता कामा नये. २०२२ साली राज्याने या सगळ्यासाठी सविस्तर नियमही काढलेत.

म्हणजे कायद्याने रेघ जिथे ओढली आहे, नेमकी तिथेच काकांनी हवेत हाताने ओढून दाखवली होती. त्यांनी कलमं वाचली नसतील. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोकांच्या भिंतींवर काम केल्यावर माणसाला भिंत कुठे संपते ते कळत असावं.

पुढचं काम त्यांनी जसं केलं त्यासाठीच मुख्यतः हे लिहितेय.

आधी माप. मला मोठं हवं होतं, ते म्हणाले वाचायचं कोणाला आणि कुठून ते सांगा. आमचा रस्ता नऊ मीटरचा, म्हणजे तीस फुटांच्या आतबाहेर. त्यांचा हिशोब इंचाला दहा फुटांचा आहे, एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्त्यापलीकडून वाचायला तीन इंच पुरे. ‘शिवणक्लास’ हा शब्द त्यांनी पाच इंचाचा धरला, म्हणजे वळणावरून येणाऱ्या स्कूटरवरच्या बाईलाही दिसेल. बाकी मजकूर अडीच-तीन इंचात. सगळं तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच पत्र्यात बसलं. जागा ठरवली ती माझ्या खिडकीच्या शेजारी, भिंतीला सपाट, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. स्कूटरवर बसलेल्या बाईची नजर तिथे येते. मी सज्जाकडे बघत होते आणि वाचणारी माणसं खाली रस्त्यावर होती.

मग मजकूर. मी कागदावर अकरा ओळी लिहून नेल्या होत्या: ब्लाऊज, प्रिन्सेस कट, कटोरी, पंजाबी ड्रेस, पिको, फॉल, बीडिंग, वेळ, दोन फोन नंबर, सुट्टीचा वार. काकांनी वाचलं आणि म्हणाले, “ही यादी आतल्या भिंतीवर लावा. बाहेर तीन ओळी.” शिवणक्लास. त्याखाली ब्लाऊज, फॉल-पिको. त्याखाली एक नंबर. मला आधी रिकामं वाटलं. आता वाटत नाही. ब्लाऊजला सगळीकडे लेस लावली की गळ्याचा आकार दिसत नाही, तसंच आहे हे.

आणि अक्षर! हे मला नीट सांगता आलं पाहिजे. कॉम्प्युटरवर कापलेल्या व्हिनाइलच्या मराठीत मी नेहमी बघते, ‘क्ल’चं जोडाक्षर तुटलेलं असतं, क खाली पाय मोडून उभा आणि ल वेगळा. २०२२ साली कायदा बदलून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर आधी आणि दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको, असा नियम. मग २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. काका सांगत होते की त्यानंतर इकडेही धावपळ सुरू झाली, आणि त्यांच्याकडे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी घाईत स्टिकर चिकटवून घेतले. “मराठी लागली, पण वाचता येईना,” हे त्यांचं दुःख अगदी खरं होतं. त्यांनी मला दोन-तीन ठिकाणच्या वेलांट्या दाखवल्या. पहिली वेलांटी ज्या अक्षरावर टेकायला हवी त्याच्या शेजारीच लोंबत होती.

माझ्या पाटीत त्यांनी आधी खडूच्या दोरीने दोन रेघा मारल्या, वरची शिरोरेषेची आणि खालची बुडाची. मग पेन्सिलीने नुसते अक्षरांचे कणे उभे केले. ‘शि’ची वेलांटी त्यांनी एका झटक्यात घेतली, वरून खाली, मनगट पत्र्याला न टेकवता. डाव्या हातात टेकू म्हणून एक काठी, तिच्यावर उजवं मनगट. ‘क्ल’ एकमेकांत असा गुंतवला की क चा डावा भाग शाबूत आणि ल त्याच्या कुशीत. अक्षरांमधली जागा मोजून नाही, बघून सोडतात. व आणि ण यांच्यात कमी, ण आणि क्ल यांच्यात किंचित जास्त. मी विचारलं, समान का नाही? म्हणाले, “समान ठेवलं तर समान दिसत नाही.” बाहीला चुन्या घालताना मी हेच करते. खांद्यावर दाट, खाली विरळ, तेव्हा कुठे त्या सारख्या दिसतात.

रंग गडद हिरवा आणि अक्षरं हस्तिदंती. कडेला बोटभर जाडीची पट्टी, जरीच्या काठासारखी. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग दोन हात इनॅमलचे, प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवण. कडा आत दुमडलेल्या, त्यामुळे हात लागला तरी कापत नाही. फ्लेक्सला कड नसते, आयलेट म्हणजे कडी बसवलेली भोकं असतात, आणि वारा पहिला आयलेटलाच धरतो. कापड कुठून फाटतं ते आम्हा शिवणाऱ्या बायकांना चांगलं माहीत असतं. भोकातून.

बसवायच्या आधी काकांनी दोन गोष्टी करायला लावल्या. सोसायटीचं ना-हरकत पत्र, आणि वरच्या आजींना विचारणं. पत्रासाठी मी त्यांनी कागदावर काढून दिलेलं चित्र जोडलं, त्यावर माप आणि जागा लिहून. सेक्रेटरींनी त्याच बैठकीत सही केली. महापालिकेच्या विभागीय कार्यालयातही जाऊन विचारून आले. तिथल्या साहेबांनी चित्र पाहून दिव्यांचा बोर्ड आहे का आणि रस्त्यावर पुढे येतो का एवढं विचारलं, दोन्हीला नाही म्हटल्यावर कागद जपून ठेवा म्हणाले. आजींनी मात्र चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “रात्री पेटणार नाही ना?” नाही म्हटल्यावर हसल्या.

समोर गुलमोहर आहे. नातवाने दिशा दाखवणारा एक छोटा बाण तिथे ठोकू का विचारलं, तर काकांनी त्याला माझ्यासमोरच झापलं. झाडाला खिळा मारायचा नाही हा त्यांचा नियम पक्का आहे.

बसवण्याचं काम चार फास्टनरवर. मी म्हटलं एवढ्याशा पाटीला चार कशाला? माझा मुलगा सिव्हिल शिकतोय, तो मध्ये पडला. वाऱ्याच्या भाराच्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, प्रत्येक शहराला वाऱ्याचा मूळ वेग दिलेला असतो. नाशिकचा सेकंदाला ३९ मीटर. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलो वजनाइतका येतो. त्याने वहीत मांडून दाखवलं. माझ्या तीन बाय दोनच्या पाटीवर ५२ किलो. मला हवा होता त्या आठ बाय चारच्या बोर्डावर २७६ किलो, तोही सज्जावर उभ्या केलेल्या दोन अँगलवर. आणि ४० बाय २० चं होर्डिंग असेल तर जवळजवळ सात टन. खऱ्या डिझाइनमध्ये आणखी गुणक लागतात, हा नुसता गुणाकार आहे, असं तो म्हणाला. मला गुणाकारच पुरला.

काकांनी शेवटचा नट आवळला आणि मान वर करून समोरच्या गच्चीकडे बघितलं. तिथलं होर्डिंग कुणाचं ते मी लिहीत नाही. चार वर्षं ते तिथे होतं. रात्री बारा-साडेबारापर्यंत त्याचे दिवे सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीवर पडायचे. आम्ही जाड पडदा शिवून लावला होता, आणि उन्हाळ्यात त्या पडद्यामुळे खोलीत वारा येत नसे. काकांनी एवढंच विचारलं, “याच्यावर परवानगीचा नंबर कुठे दिसतो का?” आम्ही कधी बघितलाच नव्हता. दिसत नव्हता. ते म्हणाले, अर्ज करा आणि तीनच प्रश्न विचारा. परवानगीचा क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत, आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरचं मजबुतीचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं.

भाचीने अर्ज लिहून दिला. गल्लीतल्या ४३ जणांनी सह्या केल्या. त्यात समोरच्या इमारतीतलेही सहा जण होते. त्यांच्या तर डोक्यावरच ते उभं होतं. पहिली सही वरच्या आजींची, थरथरत्या हाताची, पण पूर्ण नावाची. दिवाळीच्या आधी फ्लेक्स उतरला आणि दिवे गेले. सासूबाईंच्या खोलीतला पडदा मी उसवून त्याच्या पिशव्या शिवल्या. लोखंडी सांगाडा अजून गच्चीवर उभा आहे. त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे आणि तो मी सोडणार नाही.

हे सगळं पाटीच्या परीक्षणात का, असं कोणी विचारेल. माझ्या पैशांत मला हेही मिळालं, म्हणून. पाटी करून देणारे पुष्कळ आहेत. गल्लीत पाटी कुठे शोभते आणि कुणाला जाचते हे सांगणारा माणूस मला त्या ३,४०० रुपयांत भेटला. पत्रा, रंग, फ्रेम आणि बसवणं सगळं धरून तेवढे पडले.

वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दलही थोडं बोलते, कारण राहत्या वस्तीला त्याचाच जास्त त्रास आहे. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी दर पंधरा दिवसांनी कुणाचा तरी हसरा चेहरा लागतो आणि वळणावरून येणारी गाडी दिसत नाही. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने याचिका केली होती, त्यावर २०१७ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांबद्दल सविस्तर आदेशही दिले. कायदा कमी नाही. काका फ्लेक्सचं काम घेत नाहीत. मागे कोणी वाढदिवसाचा बॅनर हाताने रंगवून मागितला, तर त्यांनी विचारलं की कुठे लावणार. चौकात म्हटल्यावर नाही म्हणाले. ज्यांच्या घरात रोजचा खर्च हातावर चालतो त्यांनी असं काम परत पाठवणं सोपं नसतं. मला त्यांचा अभिमान वाटतो.

आता उणिवाही सांगते. आठ दिवस सांगितले होते, एकवीस लागले. मध्ये दोनदा मी रिक्षाने जाऊन आले, म्हणजे तो खर्च वेगळा. फोन उचलत नाहीत, रंगाचे हात असतात. नातवाला व्हॉट्सॲपवर विचारावं लागतं आणि तो कॉलेजात असतो. पावती साध्या वहीच्या कागदावर देतात. पैसे क्यूआरवर घेतात, तेही नातू असेल तेव्हाच. दिवा नसल्यामुळे संध्याकाळी सातनंतर पाटी दिसत नाही. मी दारावरचा बल्ब थोडा सरकवून घेतला, त्याचा उजेड पाटीच्या अर्ध्या भागावर येतो. ज्यांचं काम रात्रीचं आहे, दवाखाना किंवा मेडिकल, त्यांना हे पुरणार नाही. त्यांनी दिव्याचा बोर्ड करावा, पण लहान आणि भिंतीलगत, आणि कार्यालयात विचारून. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं, तिथे नखाएवढा रंग फुगला होता. तो त्यांनी फुकट दुरुस्त केला, पण फुगला होता हे खरं.

बायकांना घर सापडतं का? सापडतं. गल्लीच्या तोंडावरून येणारे फोन बंद झाले. नव्या येणाऱ्या दोघी-तिघींनी तर आत आल्यावर आधी पाटीबद्दल विचारलं, मग ब्लाऊजबद्दल. मी आतापर्यंत चार जणांना काकांकडे पाठवलं. त्यातल्या एकांना दहा फुटांचा बोर्ड हवा होता, ते जागेचं माप झाल्यावर चार फुटांवर राजी झाले. एक मात्र चिडून निघून गेले. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, आतापासूनच गावात बोर्डांची मागणी वाढली आहे, तेव्हा ज्यांना हाताची पाटी हवी त्यांनी घाई केलेली बरी. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याची आणि एका धर्मशाळेची पाटी त्यांच्याकडे आत्ता वाळत ठेवलेली मी बघितली. धर्मशाळेच्या पाटीवरचा ‘ळ’ बघायलाच जाण्यासारखं आहे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या वळवानंतर ते न बोलावता आले. दरवर्षी येतात म्हणे, ज्या-ज्या पाट्या उंचावर किंवा भिंतीवर आहेत तिथे. चारही नट पान्याने तपासले, एक पाव फेरा आवळला. घासलेटाच्या फडक्याने पत्रा पुसला, मग कोरड्या फडक्याने. मी चहा टाकायला आत वळले तेवढ्यात वरून हाक आली. आजींनी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली, आमच्या पाटीच्या बाजूने, भिंतीला घासत. आत वाळवलेल्या कुरडया होत्या. काकांनी गाठ सोडवून घेतली, पिशवी लुनाच्या हँडलला अडकवली आणि रिकामी दोरी दोनदा हलवून आजींना वर ओढायची खूण केली.